बापाच्या खिशातली पुडी

अंबाजोगाई तालुक्यातील एका शाळेत मी बरीच वर्षे शिकवतो आहे. या काळात पालकसभेत अभ्यासाच्या खालोखाल कोणती तक्रार ऐकली असेल तर ती मुलांच्या खाण्याची. "सर, काहीच खात नाही हो. माळवं केलं की तोंड फिरवतंय, नुसता पुडा मागतंय." हे सांगणारी नेहमी आईच असते, कारण सभेला येणारी बहुतेक वेळा तीच असते, आणि ती समोर असते म्हणून सगळा उपदेशही तिलाच होतो. डब्यात पालेभाजी द्या, बिस्किटे बंद करा, वेळेवर जेवू घाला. मीही कितीतरी वर्षे हेच सांगत आलो. त्या उपदेशात चूक काही नव्हते, फक्त तो ज्याला करायला हवा होता तो माणूस त्या वेळी पारावर किंवा धान्याच्या मोंढ्यात होता.

मुलाच्या खाण्यापिण्याच्या सवयी घरात घडतात, यावर आता कोणाचा फारसा वाद राहिलेला नाही. वाद असायला हवा तो ‘घर’ या शब्दाच्या अर्थाविषयी. आपण त्याचा अर्थ आईचा स्वयंपाक एवढाच करून ठेवला आहे. संध्याकाळी खिशात खाऊची पुडी घालून येणारा बाप, चहात बिस्किट बुडवून नातवाला भरवणारे आजोबा, आधी जेवून उठणारी पुरुषमंडळी, येताना काहीतरी ‘खाऊ’ आणलाच पाहिजे असे मानणारे मामा-काका हे सगळे चुलीपासून लांब राहून मुलाची जीभ घडवत असतात, आणि हिशेबाच्या वेळी मात्र त्यांच्यापैकी एकाचेही नाव निघत नाही.

खाण्याची आवड सगळीच उपजत नसते, ती बरीचशी सवयीने लागते, याचा पुरावा शोधायला मराठवाड्याच्या बाहेर जाण्याची गरज नाही. लातूर-धाराशिवकडे काळ्या तिखटाच्या आमटीत भाकरी चुरून तीन वर्षांचे लेकरू सहज जेवते. तेच कालवण मुंबईतल्या पाहुण्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला दिले तर तो तांब्याभर पाणी पितो. आपल्या लेकराला तिखट खायला कोणी बसून शिकवलेले नसते. मोठ्यांच्या मांडीवर बसून, त्यांच्या ताटातले बोट चाटत, नाकाडोळ्यांतून पाणी काढत ते शिकलेले असते. जी जीभ मिरचीसारख्या जाळणाऱ्या वस्तूला आपलेसे करते, तिला दोडका किंवा चुका आपलासा करता येणार नाही, असे म्हणण्याला आधार नाही. शास्त्रही याच्याशी जुळणारेच सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे चव आणि वास यांचा अभ्यास करणाऱ्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गरोदरपणी किंवा अंगावर पाजत असताना ज्या मातांनी गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचे वरचे अन्न खाताना इतर बाळांपेक्षा कमी तोंडे वाकडी केली. लहान मुलांवरच्या इतर अभ्यासांतून असेही दिसले आहे की नवा पदार्थ स्वीकारायला मुलाला तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, थोडा थोडा चाखावा लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांत तिसऱ्या नकारानंतर ‘त्याला भेंडी आवडत नाही’ असा निकाल लागतो, आणि एकदा लागलेला हा निकाल पुढे दहा वर्षे पाहुण्यांसमोर कौतुकाने वाचून दाखवला जातो.

वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवसीला, मी दरवर्षी एक गोष्ट पाहतो. हरभऱ्याचा आणि मेथीचा पाला, कांद्याची पात, तुरीचे आणि वालाचे ओले दाणे, बेसन आणि चिंच यांची ती भज्जी. वर्षभर हिरव्या भाजीकडे न पाहणारी मुले शेतात बसून ती दोनदा मागून घेतात आणि वर ज्वारीची आंबील पितात. त्या दिवशी भाजीची चव बदललेली नसते. त्या दिवशी आजोबा, बाप, चुलते, शेजारी, पाहुणे असे सगळेच एका पंगतीला एकच अन्न चवीने खात असतात, कोणी कोणाला ‘खा, खा’ म्हणत नसतो, आणि आसपास पुडीचे दुकानही नसते. मुलाच्या खाण्यावर घराचा परिणाम कसा होतो हे समजावून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. दुसऱ्या दिवशी तेच मूल घरी एकटे ताटावर बसते, बाप शेतातून आलेला नसतो, समोर मोबाइल लावलेला असतो, आणि भाजी ताटाच्या कडेला सरकते.

आता खाऊविषयी. हा शब्द मराठीत इतका गोड आहे की त्याच्याविरुद्ध लिहिताना हात थबकतो. आमच्या लहानपणी खाऊला वार होता. आठवडी बाजाराच्या दिवशी वडील पिशवीतून शेव-चिवडा, गुडीशेव, फार तर गरम जिलेबी आणत. ती घरातल्या सहा-सात मुलांत वाटली जाई आणि पुढचा बाजार येईपर्यंत विषय संपे. एरवी तोंडात टाकायला गूळ-शेंगदाणे, हुरडा, हरभऱ्याचे टहाळ, बोरे, चिंचा असत. बालाघाटच्या डोंगरात सीताफळाचा हंगाम आला की ती कोणी विकत आणत नसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, कारण त्याच काळात उपाशी झोपणारी मुलेही वर्गात होती. पण खाऊ हा आठवड्यातून एकदाचा प्रसंग होता आणि आता तो रोजचा आहार झाला आहे, हा फरक साधा नाही. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा आज वाडीवस्तीवरच्या टपरीतही लटकतात. त्यांत मैदा किंवा मक्याचे पीठ, पाम तेल, मीठ आणि साखर यांच्याखेरीज फारसे काही नसते. मूल साडेपाच वाजता अशी एक पुडी आणि वर एक गोड पेय घेते. मग आठ वाजता त्याला भूक नसते. भूक नसलेल्या मुलाला भाकरी आवडत नाही. आणि ‘सर, काहीच खात नाही हो’ ही तक्रार तयार होते. ते काहीच खात नाही असे नसते. ते जेवणाच्या आधीच जेवलेले असते.

त्या पेयाचा हिशेबही एकदा मांडायला हवा. सर्वसाधारण कोला पेयाच्या अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेच्या दोन मर्यादा सांगितल्या, एक कमाल आणि एक त्याहून कमी, अधिक इष्ट. त्यांतली इष्ट मर्यादा प्रौढ माणसासाठी दिवसाला साधारण तेवढीच येते. म्हणजे सात वर्षांचे मूल एका बाटलीत धडधाकट माणसाच्या दिवसभराच्या वाट्याहून कमी साखर पीत नाही. तरीही पाहुणा आला की लेकराला दुकानात पिटाळून बाटली आणायची आणि पहिला पेला त्यालाच द्यायचा, ही आमच्याकडे आता पाहुणचाराची रीत झाली आहे. याच लेकराला त्याच दुकानात तंबाखूची पुडी आणायलाही पाठवले जाते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. ज्या घरात मूल व्यसनाचे सामान आणणारे हरकाम्या असते, तिथे त्याला ‘चांगले-वाईट’ समजावण्याचा अधिकार कोणाला उरतो, हे ज्याने त्याने पाहावे.

पुडीपेक्षाही जुनी आणि म्हणूनच कोणाला न दिसणारी गोष्ट चहाची आहे. मराठवाड्यातल्या असंख्य घरांत मुलाची सकाळ चहाने होते: चहा आणि पोळी, चहा आणि टोस्ट, चहा आणि बिस्किट. दूध विकायचे असते किंवा परवडत नसते. चहात ते थोडे घातले की ‘दूध पोटात गेले’ असे समाधान मिळते. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातले लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतात, विशेषतः धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ५४ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, त्याचे खापर एकट्या चहावर फोडणे बरोबर होणार नाही. पण शाळेतून लोहाची गोळी घेऊन गेलेले मूल ती सकाळी चहाच्या घोटाबरोबर गिळते, तेव्हा सरकारची योजना आणि घराची सवय एकमेकींच्या विरुद्ध काम करत असतात आणि दोघींनाही त्याचा पत्ता नसतो.

हे बदलायचे तर मुलाचा कप काढून घेऊन भागत नाही. मोठ्यांनी दिवसातून पाच वेळा चहा घ्यायचा, आल्यागेल्याला त्याच मापाने तोलायचे आणि लेकराला ‘चहा वाईट असतो’ सांगायचे, हे मुलांना पटत नाही आणि पटू नये. नुसत्या मनाईचे काय होते हेही तपासून झाले आहे. जेनिफर फिशर आणि लिआन बर्च या अमेरिकी संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर एक खाऊ पारदर्शक बरणीत दिसेल असा ठेवला, पण तो खाण्यावर बंदी घातली. बंदीच्या काळात मुलांचे लक्ष, बोलणे आणि मागणे त्याच खाऊभोवती अधिक फिरू लागले. आपल्या घरात ती बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर असते आणि ‘भाजी संपवलीस तर देईन’ या अटीवर खाली येते. या सौद्यात मुलाच्या मनावर बिंबते ते एवढेच, की भाजी ही शिक्षा आहे आणि वरच्या फळीवरचे ते बक्षीस. घरात वस्तू नसणे हे तिच्यावर बंदी असण्यापेक्षा सोपे असते. आणि घरात ती असावी की नाही हे मूल ठरवत नाही, खरेदी करणारा ठरवतो.

आजी-आजोबांविषयी मात्र थोडे सबुरीने बोलले पाहिजे. आज जे साठी ओलांडलेले आहेत, ते १९७२ च्या दुष्काळात लहान होते. त्यांतल्या अनेकांनी रेशनवरच्या अमेरिकन मिलोची, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीची, भाकरी गिळली आहे आणि दुष्काळी कामावर गेलेल्या आईबरोबर तिथे वाटली जाणारी सुकडी खाल्ली आहे. ज्याला गव्हाची पोळी सणाला मिळत होती, त्याला नातवाच्या हातात क्रीमचे बिस्किट देताना जे वाटते ते लाड या शब्दात मावत नाही. आपल्या घरातली टंचाई संपली, याची ती खूण असते. म्हणून ‘आजोबा, हे विष आहे’ असे म्हणणाऱ्या शिकलेल्या सुनेचे ते ऐकत नाहीत. हीच गोष्ट भाकरीची. ज्वारी गरिबीची आणि पोळी-भात सुखवस्तूपणाचा, ही उतरंड मोठ्यांच्या मनात आधी तयार झाली. पाचवीतला मुलगा भाकरीचा डबा झाकणाआड धरून खातो, तेव्हा ती लाज त्याने घरातूनच आणलेली असते. २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठातून लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण आला, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांतल्या मॉलमध्ये ज्वारीचे पीठ महाग झाले. पण ज्या गावात ती पिकते तिथल्या डब्यात तिला अजून मान मिळालेला नाही.

जेवण्याच्या क्रमातूनही मुले शिकतात, आणि हे शिक्षण सर्वांत मुकाट्याने होते. आधी पुरुष, मग मुले, शेवटी बाई. तळाशी उरलेले वरण आणि सकाळची भाकरी तिच्या वाट्याला. अंडे एक असेल तर ते मुलाला, मुलीला त्याचा रस्सा. घरातली मुलगी हे रोज पाहते आणि बारा-तेरा वर्षांची झाली की आपणहून कमी वाढून घेऊ लागते. तिला कोणी उपाशी ठेवलेले नसते. तिने आईचा कित्ता गिरवलेला असतो. तिच्या पाणी पिण्याचेही असेच आहे. शाळेत स्वच्छतागृह नीट नसेल तर मुली दिवसभर पाणी पीतच नाहीत, आणि ‘बाहेर जाताना पाणी कमी प्यावं’ हा धडा त्यांना आईने, स्वतःच्या अनुभवाने, घरीच दिलेला असतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्यच आहे. सवयींची ही चर्चा पोट भरलेल्यांची आहे. जिथे पिकतच नाही, तिथे काय खावे हे शिकवून काय होणार? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात पालेभाजी तीन पाण्यांतून काढणे ही चैन ठरते. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, गॅस जास्त जळतो, आणि वरणाच्या जागी तिखट-मीठ-तेलावर भागते. शेतात सोयाबीन आणि कापूस, म्हणजे विकण्याची पिके. ज्वारीचा पेरा आटलेला, बांधावरची तूर-मूग-उडीद उरलेली नाही, रेशनवर गहू-तांदूळ. ज्या घराने खाण्यासाठी पेरणेच सोडले, त्याच्या ताटात विविधता कोठून येणार? हे सगळे मान्य करूनही मी एवढेच म्हणेन की गरिबीने पुडी अटळ होत नाही. पुडी फुकट मिळत नाही, आणि ती विकत घेणाऱ्यांत हातावर पोट असलेलेच जास्त दिसतात. याला कारणेही आहेत: पाच रुपयांत लेकरू गप्प होते, शिजवावे लागत नाही, धुवावे लागत नाही, कामावरून थकून आलेल्या बाईचा अर्धा तास वाचतो. तो अर्धा तास घरातल्या दुसऱ्या कोणी दिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र गरीब घरातही विचारता येतो आणि श्रीमंत घरातही.

सर्वांत अवघड प्रश्न बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशेबातली एक जोडी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालणारा हंगाम. बाई पहाटे तीनला उठून दिवसभराच्या भाकरी थापते आणि फडात जाते. कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहिलेले लेकरू त्यातली गार भाकरी दुपारी चटणीशी खाते किंवा कारखान्याच्या गेटवरच्या दुकानातली पुडी. अशा घराला ‘मुलांबरोबर बसून जेवा’ असे सांगणे म्हणजे थट्टाच. ज्यांची मुले मागे राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. तिच्या दर्जाविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण जिथे ती नीट चालते तिथे मला एक गोष्ट दिसली: पहिला महिना भाजी बाजूला काढणारी मुले, दोन्ही वेळ पंगतीला बसून, दिवाळीनंतर सहा-आठ आठवड्यांत ती खाऊ लागतात. म्हणजे जे काम घर करते ते, घर नसताना, दुसऱ्या कोणाला थोडेफार करता येते. शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाचे, अंगणवाडीचे मोल मला यासाठीच वाटते. पोषणाइतकेच त्या पंगतीसाठी. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या पन्नास मीटरमध्ये जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियमही आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहायला कोणत्याही शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीत दहा मिनिटे उभे राहणे पुरे.

गेल्या वर्षी आम्ही पालकसभेची वेळ बदलली. सकाळी अकराऐवजी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, आणि निरोपात ‘वडिलांनी यावे’ असे लिहिले. अकरा जण आले. मी कोणाला उपदेश केला नाही. मागच्या आठवड्यात लेकरासाठी बाहेरून काय काय नेले ते कागदावर लिहायला सांगितले. बहुतेकांचा आकडा दिवसाला दहा ते वीस रुपयांच्या घरात निघाला, म्हणजे महिन्याला तीनशे ते सहाशे. एकाने स्वतःच हिशेब करून सांगितले की तीनशे रुपयांत चाळीसएक अंडी येतात. मग थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "पण सर, पुडी नेली की लेकरू पळत येतं. अंडं नेलं तर पळत येत नाही की."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दिवसभर हमाली करून परतणाऱ्या माणसाला दारात पळत येणारे लेकरू हवे असते, आणि पाच रुपयांत ते मिळते. मी त्याला विचारले, अंडी किती वेळा नेऊन पाहिलीस? एकदा, असे त्याने सांगितले.